रचलेली चूल

१

पठारावरची हिवाळी सहल बर्फात सुरू होत नाही. ती सुरू होते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बर्फ पडायच्या कितीतरी आधी. मेरियलच्या घरात तर हा शिरस्ताच होता. पृथ्वीच्या या दक्षिण अंगाला हिवाळा जूनमध्ये लागतो. मे महिना आला की टेबलावरचं कापड निघायचं, त्या जागी नकाशा पसरायचा, त्याच्या कोपऱ्यांवर जॅमच्या बरण्या बसायच्या आणि भांडणाला तोंड फुटायचं. ओट किती न्यायचे, चीज किती, फ्रूटकेकचं ओझं कोणी वाहायचं. या भांडणात दरवर्षी तिचा नवरा डुगल हरायचा आणि केक त्याच्याच पाठीवर जायचा.

यंदा डुगल नव्हता. ज्या माणसाचं तीस वर्षं बर्फानं काही वाकडं केलं नाही, तो शहरातल्या इस्पितळाच्या उबदार खोलीत, अंगावर दोन पांघरुणं असताना गेला. मेरियलला या गोष्टीचा राग होता. कोणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

"ऑगस्टमध्ये जाऊ आम्ही," ब्रिडी म्हणाली. ब्रिडी ही त्यांची एकुलती एक मुलगी. खाली बेर्न्सडेलला नवऱ्याबरोबर, हॅमिशबरोबर, राहायची, तिथेच शाळेत शिकवायची आणि शनिवार-रविवार आईकडे ओमिओला यायची. "मी आणि हॅमिश. बाबाला डन्स्टनच्या खोपीवर पोचवून येतो."

बाबा म्हणजे फळीवर चहाच्या डब्याशेजारी ठेवलेला राखेचा डबा.

"आत्ता गाडीनं नेता येईल की त्याला," नॉर्म म्हणाला. नॉर्म पॅस्को शेजारीच राहायचा. गावच्या शोधपथकाचा तो म्होरक्या, आणि स्वतःच्या घरातला चहा वाचवून या घरातला पिण्यात पटाईत.

"गाडीनं? नॉर्मकाका, डब्यात उठून बसेल तो!"

"उठेल, आणि विचारेल की केक कोण वाहतंय."

तिघंही हसले. मेरियल हसली आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं.

"आई, तू काहीच बोलत नाहीस."

"मी काय बोलू? आता माझे गुडघे बोलतात." तिने पेन्सिल उचलली. "तुम्ही पायांनी जा. मी टेबलावरून येते."

आणि तिने नकाशावर रेघ ओढायला सुरुवात केली. फाटक, मग बर्फात वाट दाखवणाऱ्या खांबांची रांग, मग ओढा, मग डन्स्टनची खोपी. डुगल गेल्यावर 'जपून जा' असं म्हणायला तिच्याजवळ जगात ब्रिडी हे एकच माणूस उरलं होतं. ओढ्यापाशी तिची पेन्सिल थोडी थांबली, इतकंच.

२

जूनच्या सुरुवातीला वरच्या रस्त्याचं फाटक बंद होतं. त्याआधी एकदा गाडीनं जाऊन खोपीत हिवाळ्याचं सरपण भरून यायचं, हे काम डुगलचं. यंदा ते मायलेकींनी केलं.

डन्स्टनची खोपी म्हणजे पत्र्याची एक खोली, त्यात एक लांब बाकडं, एक लोखंडी चूल आणि सरपण ठेवायला रॉकेलचा कापलेला डबा. भोवती जुन्या वणव्यात मेलेली झाडं अजून उभी होती. साल गळून गेलेली, पांढरी, पीळ पडलेली. त्यांचं लाकूड करवतीला दाद देत नाही, पण एकदा पेटलं की तासन्‌तास धरतं.

ब्रिडी करवत चालवत होती. तिला लहानपणापासून एक खोड होती. लाकूड शेवटपर्यंत कापायचा तिला कंटाळा. बोटभर राहिलं की पायानं दाबून मोडायची. त्यामुळे तिच्या प्रत्येक ओंडक्याला एका टोकाला लाकडाची जीभ लोंबत राहायची. डुगल त्या जिभेला शेपूट म्हणायचा.

"पुन्हा शेपट्या!" मेरियल म्हणाली.

"बाबाला आवडायच्या."

"बाबाला काहीही आवडायचं नाही. तो उगाच तुझं मन राखायचा."

संध्याकाळपर्यंत भिंतीला छातीइतकी रास लागली. निघण्याआधी मेरियल गुडघ्यांना शिव्या देत चुलीपुढे बसली आणि तिने दार उघडलं. ते दार करकरलं. वर्षानुवर्षं करकरत होतं. डुगलनं त्याला मुद्दाम कधी तेल घातलं नाही. म्हणायचा, खोपीला कोणी आलं की तीच हाक.

तिने आत चूल रचली. खाली चुरगळलेला कागद, त्यावर सालपट, त्यावर बोटाएवढ्या चिरफळ्या, वर ब्रिडीच्या ओंडक्यांपैकी दोन. मग कोरी काड्यापेटी घेतली, एक काडी अर्धी बाहेर ओढली, गुल आत आणि मागचं टोक बाहेर, आणि पेटी चुलीवर ठेवली. ज्याची बोटं गोठली आहेत त्याला ती काडी दातांनी ओढता येते. या मुलखात हे कोणी शाळेत शिकत नाही, पण सगळ्यांना येतं. खोपीत आलात, रचलेली चूल पेटवा, जीव वाचवा. जाताना पुढच्यासाठी रचून जा. जाळलीत आणि न रचता गेलात, तर त्या माणसाशी ओमिओच्या दुकानात कोणी बोलत नाही.

"काडी ठेवलीस?" ब्रिडीनं गाडीतून विचारलं.

"तुझ्यासाठीच ठेवली," मेरियल म्हणाली.

३

मेरियल दुपारी गावच्या ग्रंथालयात बसायची. जूनमध्ये ती घरी येईपर्यंत दिवस मावळलेला असे. मग अंगातला कोट न काढता पुढच्या खोलीत जायचं, चूल पेटवायची, आणि मगच बूट काढायचे.

एका सोमवारी तिने चुलीचं दार उघडलं तर आत चूल रचलेली होती.

कागद, सालपट, चिरफळ्या, वर दोन पांढरे ओंडके. तिच्या घरी लाल लाकूड असतं. खालच्या खोऱ्यातून ट्रक येतो, तो अंगणात टाकून जातो. हे पठारावरचं होतं. आणि चुलीवर काड्यापेटी होती, एक काडी अर्धी बाहेर.

मेरियल तशीच उभी राहिली. मग माणसं करतात तेच तिने केलं, कारण शोधलं. नॉर्म. त्याच्याकडे घराची किल्ली आहे. डुगलनं छपरीमागे असलं लाकूड नेहमी साठवलेलं असायचं, तेच त्यानं काढलं असणार. विधवा बाई थंडीत घरी येते म्हणून म्हाताऱ्याला दया आली असेल. तोंडानं सांगायची सोय नाही, म्हणून अशी हातानं सांगितली.

तिने ती काडी ओढली. बोटं काही गोठलेली नव्हती, तरी दातांनीच ओढली.

लाकूड पेटलं, आणि खोलीत पठाराचा वास आला. ओल्या लोकरीचा, राखेचा, बुटांना लावायच्या मेणाचा. डुगलच्या मानेला हिवाळाभर यायचा तो. त्या रात्री ती खुर्चीतच झोपली, आणि त्याच्या जाण्यानंतर पहिल्यांदा न रडता झोपली.

४

दुसऱ्या दिवशी चूल पुन्हा रचलेली होती. तिसऱ्या दिवशीही.

नॉर्मला विचारणं काहीच अवघड नव्हतं. तो रोज कुंपणापलीकडे दिसायचा.

"काय गं, बरी आहेस ना? गाल लाल दिसतायत."

"चूल छान पेटते," ती म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"मग बरंय," नॉर्म म्हणाला आणि आपल्या कोबीकडे वळला.

त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. पण नॉर्मच्या तोंडावर एरवीही काही नसे, असं तिने स्वतःला समजावलं. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. तो 'हो' म्हणाला असता तर ते फक्त नॉर्मचं काम ठरलं असतं. 'नाही' म्हणाला असता तर घरात राहायची पंचाईत. झाकली मूठ होती, ती झाकलेलीच बरी वाटली.

आणि खरं सांगायचं तर तिला कळलं होतं की हा नॉर्म नाही. नॉर्म चिरफळ्या आडव्या-उभ्या कसाही टाकतो. ही रचना तिच्या घरची होती. डुगलची. दिवसभर ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना तिचं मन त्या चुलीकडे धावायचं. नव्या नवरीनं घड्याळाकडे पाहावं तशी ती पाचची वाट पाहायची. घरी यायची, काडी ओढायची, आणि खुर्चीत बसून डुगलशी मोठ्याने बोलायची. नकाशाचं सांगायची, ब्रिडीचं सांगायची. "ओढ्यावरून वरच्या अंगानं न्यायचंय तिला. बर्फाचा पूल तिथे जाड असतो, नाही का रे?" लाकूड तडतडायचं. तेवढं उत्तर तिला पुरायचं.

एकदा, जुलैमध्ये, ओंडका आत सारताना त्याच्या टोकाला काही तरी हाताला लागलं. लाकडाची जीभ होती. शेपूट.

तिने तो ओंडका मांडीवर घेतला. ब्रिडीनं जुन्या काळी छपरीत कापून ठेवलेला असेल. अर्थात. पोर दहा वर्षांची असल्यापासून करवत चालवते आहे, घरभर तिची शेपटं असणारच. पण कापलेली बाजू ताजी होती, पिवळसर, आणि तिला भुसा चिकटलेला होता. मेरियलनं ती बाजू बोटानं पुसली. मग ओंडका चुलीत टाकला. बाहेर गारा पडत होत्या आणि तिला उबेत बसायचं होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली आणि तिने ती झटकून टाकली. जाळते आहे ती रोज, पण रचून ठेवत नाही. आयुष्यभर लोकांना ज्यावरून तिने बोल लावले, तेच. पण हे तर तिचं स्वतःचं घर. इथून निघून कुठे जायचं असतं, की पुढच्यासाठी रचून ठेवावी? आणि तिने रचली तर त्यानं काय करायचं?

काड्यापेटी हलकी होत चालली होती. जुलैच्या शेवटी रचनाही बारीक झाली. दोनऐवजी एक ओंडका. मग ओंडका नाहीच, नुसत्या जाड काटक्या. शेवटी तर सालपटांचा आणि भुशाचा झाडून गोळा केलेला ढीग, त्यात चार चिरफळ्या. डब्याच्या तळाचा गाळ खरवडून वाढावा तसं ते दिसत होतं. त्या दिवशीची ऊब पाव तासही टिकली नाही.

"डुगल, दमलास का रे?" ती म्हणाली.

५

ऑगस्टच्या एका बुधवारी ब्रिडी आणि हॅमिश सामान घेऊन आले. हॅमिश उंच, हसरा आणि सासूला जरा वचकून असलेला. खोलीभर पिशव्या पसरल्या. मेरियल मध्ये खुर्ची टाकून बसली आणि जे तिला उत्तम येत होतं ते तिने केलं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन वजन पाहायचं आणि फालतू असेल तर मागे फेकायची.

"हे काय? तीन सदरे? तिथे लग्न लागणार आहे का?"

"आई, बर्फात भिजायला होतं."

"भिजलात तर चुलीपुढे वाळवा."

ब्रिडीच्या पिशवीतून दुसरा गॅसचा स्टोव्ह निघाला. हॅमिशकडे एक होताच.

"दोन कशाला?"

"एक त्याच्याजवळ, एक माझ्याजवळ. काही झालं तर."

एरवी मेरियलनं तिची पाठ थोपटली असती. दोघांत एकच स्टोव्ह नेऊ नये हे तिनेच नॉर्मच्या पथकातल्या पोरांना शिकवलं होतं. पण तिने पिशवी उचलून पाहिली. त्यात राखेचा डबाही होता. पिशवी फार जड झाली होती, आणि ब्रिडीचे खांदे तिला एकदम फार लहान वाटले.

"ठेव तो इथेच," ती म्हणाली. "खोपीत छातीभर सरपण आहे. आपणच रचलंय. चूल तयार आहे, काडीसुद्धा ठेवलेली आहे. ओझ्यानं मोडून पडशील."

"नक्की?"

"मी टेबलावरून येतेय ना तुमच्याबरोबर? मग ऐक माझं."

ब्रिडीनं स्टोव्ह काढून फळीवर ठेवला, डब्याची जागा रिकामी झाली होती तिथे. मग आईनं विणलेले लाल हातमोजे घातले आणि दोन्ही हात वर करून दाखवले, लहानपणी दाखवायची तसे.

"रविवारी संध्याकाळी फाटकापासून फोन करीन. त्याआधी नॉर्मकाकाला हैराण करायचं नाही. कबूल?"

"कबूल."

पोरं जेवणाची भांडी घासत होती तेव्हा मेरियल हळूच पुढच्या खोलीत गेली. चुलीचं दार उघडलं. आत काहीच नव्हतं. कागदाचा कपटाही नाही. चुलीवरची काड्यापेटी तिने उघडली, ती रिकामी होती.

तो गेला, तिला वाटलं. ब्रिडी त्याला न्यायला आली, म्हणून गेला. या वेळी तिला राग आला नाही. तिने अंगणातून लाल लाकूड आणलं आणि पोरांसाठी साधी, रोजची चूल पेटवली.

६

शुक्रवारी दुपारपासून वरच्या बाजूला सगळं पांढरं झालं. शनिवारी गावातही बर्फ पडला. ओमिओत तो क्वचितच टिकतो, त्या दिवशी टिकला.

मेरियल स्वयंपाकघरात सूप ढवळत होती. मटण आणि बार्ली, रविवारी परत येणाऱ्यांसाठी. दुपारचे तीन वाजले असतील. खिडकीतून भुरा उजेड येत होता. पुढच्या खोलीत तिने आज चूल पेटवली नव्हती. डुगलविना त्या खुर्चीत बसवत नव्हतं.

पुढच्या खोलीत चुलीचं दार करकरलं.

तिने डाव खाली ठेवला. तिच्या चुलीचं दार करकरत नाही. त्याला डुगल दर हिवाळ्याच्या तोंडाशी तेल घालायचा. ती तशीच उभी राहिली आणि ऐकत राहिली, आणि मन कारणं शोधत राहिलं. वारा. पत्रा. मांजर. तिच्याकडे मांजर नव्हतं.

मग खरवडल्याचा आवाज आला. पत्र्यावर नखं घासावीत तसा. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात हात घालून कोणी तळ चाचपत होतं. तिच्या घरी सरपण वेताच्या टोपलीत असतं. खरवड, मग थांबणं, मग पुन्हा खरवड, त्याच डब्यात, जणू मघाशी नीट पाहिलं नसेल.

"डुगल?" ती म्हणाली.

आता काड्यापेटीचा आवाज आला. उघडली. मिटली. उघडली. आणि त्यामागे आणखी काही तरी, बारीक, न थांबणारं. ते काय आहे हे तिला लवकर कळलं नाही. कोणाचे तरी दात वाजत होते.

ती दारापर्यंत गेली. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची जागेवर, टोपली जागेवर, लाल लाकडानं भरलेली. फक्त चुलीचं दार सताड उघडं होतं आणि आतला अंधार एरवी असायचा त्यापेक्षा खोल होता. चूल हातभर खोल असते. ही मागे कुठे तरी जात होती, आणि तिकडून गार वारा येत होता.

त्या अंधारातून एक हात पुढे आला. चुलीच्या आतून, पलीकडच्या बाजूनं. लाल हातमोजा, भिजून कडक झालेला. बोटं नीट मिटत नव्हती. हातानं राखेत चाचपलं, एक चिमूट उचलली, धरली, आणि सोडून दिली.

त्या क्षणी मेरियलला सगळं कळलं. शेपटं. ताजा भुसा. हलकी होत गेलेली काड्यापेटी. छातीभर रास, एकेक संध्याकाळ करून.

तिने काय केलं ते तिला पुढे तुकड्या-तुकड्यांनीच आठवायचं. तिने चुलीपुढे स्वतःला लोटून दिलं आणि टोपली त्या अंधारात रिकामी केली. "घे, ब्रिडी. घे, बाळा. हे घे." मोज्याला हात लावायला गेली तर हातातला ओंडका मागच्या लोखंडावर ठणकन आपटला. चूल हातभरच खोल होती. तिने कागद पेटवला, काड्यांमागून काड्या ओढल्या, आग लागली, लाल लाकूड भडकलं, खोली तापली, तिचं तोंड भाजायला लागलं. ऊब सगळी इकडेच राहत होती. तिकडे काहीच जात नव्हतं.

मग तिने फोन उचलला.

"नॉर्म, आत्ता निघ. आत्ताच्या आत्ता."

"मेरियल? अगं, रविवार ठरलाय ना? आणि या वाऱ्यात माझी पोरं वर नेऊन मी त्यांनाच घालवीन. ती दोघं खोपीत पाय पसरून बसली असतील चुलीपुढे."

"खोपीत लाकूड नाहीये."

"तूच तर भरलंस."

"मी जाळलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मेरियल," नॉर्म हळू आवाजात म्हणाला, "तू एकटी आहेस का घरात? मी येऊ?"

"तू वर जा!" ती किंचाळली. "मी जाळलं रे, नॉर्म, सगळं मीच जाळलं!"

७

तिचं म्हणणं नॉर्मला पटलं नाही, पण तो आवाज त्याच्या कानातून गेला नाही. त्यानं वारा थांबण्याची वाट पाहिली आणि रविवारी फटफटताच पथक घेऊन निघाला, ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. सोमवारी दुपारी तो मेरियलच्या स्वयंपाकघरात बसला होता. चहा समोर होता. त्यानं त्याला हात लावला नव्हता.

"हॅमिश वाचेल," तो म्हणाला. "पायाची बोटं जातील. पण वाचेल."

जे तो सांगत नव्हता ते खोलीत बसलेलंच होतं.

"ओढ्यावरचा बर्फाचा पूल खचला. हॅमिश पाण्यात गेला, पिशवीसकट. स्टोव्ह त्याच्याच पिशवीत. पोरीनं उडी टाकून ओढून काढला त्याला. दोघं चिंब. तिच्या काड्या भिजल्या. तरी खोपीपर्यंत आणलं तिनं त्याला. म्हणत होती म्हणे, फक्त खोपीपर्यंत चल, तिथे आईनं चूल रचून ठेवलीय."

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"तिथे काही नव्हतं गं. एक काटकी नाही. पेटी रिकामी. चूल झाडून पुसून ठेवल्यासारखी. कोणी तरी आख्खा हिवाळा जाळला आणि रचून गेला नाही. कोण हरामखोर असेल तो, मला सापडू दे फक्त..." तो बोलता बोलता थांबला. त्याला फोन आठवला असावा. त्यानं मेरियलकडे पाहिलं आणि मग लगेच कपाकडे पाहिलं.

"तिनं आपले कोरडे तेवढे कपडे हॅमिशला घातले, झोपायच्या पिशवीत त्याला कोंबलं. आणि चुलीपाशी जाऊन बसली. तो म्हणतो, तिला भास व्हायला लागले होते. सारखी म्हणत होती, चुलीतून आपल्या घरचा वास येतोय. बार्लीच्या सुपाचा."

सूप अजून पातेल्यात होतं. त्यावर चरबीचा पांढरा थर धरला होता.

"एक सांगू का? सांगू नये, पण सांगतो. तिनं चूल रचली होती, मेरियल. काडी नसताना. तुझा तो नकाशा फाडून खाली घातला होता. लाकडी चमचा मोडून चिरफळ्या केल्या होत्या. बाकड्याची एक फळी उपटून वर ठेवली होती. अगदी नीट, डुगलसारखी. कशाला रचली असेल?"

"पुढच्यासाठी," मेरियल म्हणाली.

नॉर्मला रडू फुटलं. साठी उलटलेला माणूस टेबलावर डोकं टेकून रडला. मेरियलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत काहीही नव्हतं.

"आम्ही तिला हात लावला नाही," जाताना दारात तो म्हणाला. "त्या चुलीला. पोरं म्हणाली, राहू दे तशीच. कोणी येईल, त्याला लागेल. काडी मात्र ठेवायची राहिली आमची. कोणाच्याच ध्यानात आलं नाही."

८

तो गेल्यावर मेरियल पुढच्या खोलीत गेली. संध्याकाळ व्हायला आली होती. दोन दिवस या खोलीत ती पाऊल टाकू शकली नव्हती. राख तिने काढली नव्हती.

तरी चुलीत राख नव्हती. चूल रचलेली होती.

खाली नकाशाचे तुकडे होते. एकावर तिची पेन्सिलची रेघ होती, ओढ्यापाशी जरा थांबलेली. त्यावर चमच्याच्या चिरफळ्या. त्यावर बाकड्याची फळी, तिच्या एका टोकाला लाकडाची जीभ. वर काड्यापेटी, रिकामी.

घर गारठलं होतं. तिच्या तोंडातून वाफ येत होती. झग्याच्या खिशात तिची स्वतःची काड्यापेटी होती, आणि एका काडीचं काम होतं. ती गुडघ्यांवर बसली. रिकामी पेटी उचलून बाजूला ठेवली. खिशातली पेटी उघडली, एक काडी अर्धी बाहेर ओढली, गुल आत आणि मागचं टोक बाहेर, आणि ती पेटी चुलीवर ठेवली.

मग चुलीचं दार लावलं, खुर्चीत बसली, कोट अंगावर ओढून घेतला आणि पलीकडचं, खोपीतलं दार करकरायची वाट पाहू लागली.

सकाळी उजाडलं तेव्हा पेटी होती तिथेच होती, आणि काडी तशीच अर्धी बाहेर होती.